मारहाण करणाऱ्या पुरुषाचं वर्तन बदलताना: समुपदेशक आणि गट चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

जोडीदारावर हात उचलणारा पुरुष मदत मागायला येतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी हवं असतं. ती परत यावी, तक्रार मागे घेतली जावी, मुलं भेटावीत, न्यायालयाने सांगितलेल्या सत्रांचा कागद मिळावा. ‘मी बदलायला हवं’ हे त्या यादीत सुरुवातीला क्वचितच असतं. म्हणून त्याला परत पाठवायचं कारण नाही. तो ज्या कारणाने आला तिथूनच काम सुरू होतं. मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की ठरलेली हवी: हे काम त्याच्यासोबत चालतं, पण ते तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी चालतं. तो सत्रात किती छान बोलतो, किती रडतो, किती नियमित येतो, यावरून काहीच ठरत नाही. तिच्या रोजच्या जगण्यातली भीती कमी झाली का आणि तिला मोकळेपणाने वागता येतं का, यावरून ठरतं.

अशा पुरुषांचं वर्तन बदलण्यासाठी चालवले जाणारे गट नवे नाहीत. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९७७ साली ‘इमर्ज’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९८१मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ शहरात पोलिस, न्यायालय, स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्था आणि पुरुषांचे गट यांना एकत्र बांधणारी पद्धत उभी राहिली. जगभरातले अनेक कार्यक्रम आजही या अनुभवावर उभे आहेत. त्यातून सर्वांत आधी शिकण्यासारखं हे, की पुरुषांचा गट एकटा, बाकी कशाशीही न जोडता चालवला तर तो फारसा उपयोगाचा ठरत नाही.

सुरू करण्याआधी

त्याच्या जोडीदारासाठी वेगळी कार्यकर्ती नेमल्याशिवाय त्याला दाखल करू नका. ‘जोडीदार’ म्हणताना आताची, विभक्त झालेली आणि नव्या नात्यातली, अशा सगळ्या जणी धरा. ही कार्यकर्ती त्याचा गट चालवणारी नसावी. तिने जोडीदाराशी स्वतः संपर्क साधायचा, तोही सुरक्षित वेळ आणि सुरक्षित नंबर विचारून. बोलायचं की नाही हे त्या स्त्रीने ठरवायचं. नकार दिला तरी त्याची सत्रं अडत नाहीत आणि तिच्या नकाराची माहिती त्याला कळत नाही.

पहिल्याच बोलण्यात तिला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. तो कार्यक्रमात आला म्हणजे तो बदलला असं नाही. तिने स्वतःची सुरक्षिततेची योजना सैल करू नये. आणि त्याचं येणं अचानक बंद झालं, त्याला काढून टाकलं किंवा त्याच्या बोलण्यातून धोका जाणवला, तर तिला कळवलं जाईल. याचं कारण असं, की ‘त्याने समुपदेशन सुरू केलंय’ एवढ्या एका आशेवर कितीतरी स्त्रिया परत त्या घरात जातात. २२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की अटक आणि शिक्षेच्या जोडीला कार्यक्रमही केलेल्या पुरुषाकडून पुन्हा मारहाण होण्याची शक्यता, नुसती अटक आणि शिक्षा झालेल्या पुरुषाच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होती. त्यानंतरच्या काही अभ्यासांचं चित्र अधिक आशादायक आहे. तरीही तिच्या आशेला आपण खतपाणी घालणं हा तिच्याशी केलेला अन्याय ठरेल.

गोपनीयतेची मर्यादा लेखी ठेवा आणि त्याची सही घ्या. त्याच्या बोलण्यातून कुणाच्या जिवाला धोका दिसला तर ती माहिती जोडीदाराच्या कार्यकर्तीला आणि गरज पडल्यास पोलिसांना दिली जाईल. उलट बाजूने मात्र काहीही येत नाही. तिने सांगितलेला एक शब्दही त्याच्यासमोर वापरायचा नाही. ‘मंगळवारी घरात काही झालं का?’ असा साधा प्रश्नसुद्धा धोकादायक आहे, कारण मंगळवारचं कोणी सांगितलं हे त्याला लगेच समजतं आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते.

दोन गोष्टी या टप्प्यावर ठामपणे नाकारा. पहिली म्हणजे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन. समोर तो बसलेला असताना ती खरं बोलू शकत नाही. बोललीच, तर घरी गेल्यावर हिशेब होतो. शिवाय एकत्र बसवल्यामुळे ‘दोघांचंही थोडं थोडं चुकतंय’ असा संदेश जातो. दुसरी म्हणजे राग आवरण्याचे नुसते वर्ग. हा पुरुष वरिष्ठांसमोर, अनोळखी माणसासमोर, पोलिसासमोर राग आवरतोच. त्याला राग आवरता येतो, पण घरात तो आवरायची गरज त्याला वाटत नाही. राग आवरायची तंत्रं तेवढी शिकवली तर तो आवाज न चढवता धमकी द्यायला शिकतो.

पहिल्या भेटी

गटात घेण्याआधी त्याला एकट्याला दोन-तीन वेळा भेटा, प्रत्येक भेट साधारण ६० ते ९० मिनिटांची. पहिल्या भेटीत तो बराच वेळ तिच्याबद्दल बोलेल. पाच-दहा मिनिटं ऐका, मग विषय त्याच्यावर आणा: “तिच्याबद्दल तुम्ही सांगितलंत. आता तुम्ही काय केलंत ते ऐकायचंय.”

इतिहास काढण्याची एक भरवशाची रीत आहे. तीन प्रसंग विचारायचे: पहिला, सर्वांत भयंकर आणि शेवटचा. ‘कधी मारलंय का?’ असं विचारलं तर ‘एक-दोनदा’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी कृतींची नावं घेऊन विचारा. ढकललं? केस ओढले? गळा दाबला? तोंडावर उशी किंवा हात दाबला? वस्तू फेकली? तिच्या वस्तू फोडल्या? घराबाहेर काढलं, किंवा खोलीत कोंडलं? तिची इच्छा नसताना शरीरसंबंध ठेवला? तिचा मोबाइल तपासला, ती कुठे आहे यावर नजर ठेवली? तिची कमाई ताब्यात घेतली? ‘हो’ आलं की किती वेळा आणि शेवटचं कधी, एवढं लगेच विचारून घ्या. आवाज सपाट ठेवा. धक्का बसल्याचा चेहरा केलात तर तो पुढचं लपवेल, आणि सहानुभूतीने मान हलवलीत तर ते फारसं गंभीर नाही असं समजेल.

जमेल तिथे पोलिसांच्या नोंदी, न्यायालयाचे कागद मिळवा. त्याचं सांगणं आणि कागद यांत मोठी तफावत असणार, हे धरून चाला. सुरुवातीला थोडाफार नकार सगळेच देतात, त्यावर काम करता येतं. ‘मी काहीच केलं नाही, सगळं रचलेलं आहे’ यावर दोन-तीन भेटींनंतरही जो अडून बसतो, त्याला मात्र गटात घेऊ नका. तो बाकीच्यांनाही मागे ओढतो.

दारू किंवा नशेचं व्यसन असेल तर त्याचा उपचार आधी किंवा सोबत सुरू व्हायला हवा. पण दारू सुटली की मारहाण थांबेल हा समज दोघांच्याही मनातून काढा. दारूमुळे मारहाण वारंवार आणि जास्त गंभीर होते, मात्र तिच्यावर आपला हक्क आहे ही समजूत दारू नसतानाही तशीच राहते. तीव्र मानसिक आजार, भास किंवा भ्रम असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हे पहिलं काम.

धोक्याच्या खुणा

यांतली एकही खूण दिसली तर त्याच दिवशी सहकाऱ्यांशी आणि जोडीदाराच्या कार्यकर्तीशी बोला, पुढच्या बैठकीची वाट पाहू नका.

गळा दाबणं ही सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी खूण आहे. पुरुष ते ‘मानेला धरलं’ असं सांगतो, आणि बाहेरून अनेकदा काहीच वळ दिसत नाही. प्रत्यक्षात काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रियांचा त्याच जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक आढळला. म्हणून ‘मानेला धरलं’ हे शब्द ऐकले की थांबा. एका हाताने की दोन्ही, किती वेळ, तिला श्वास घेता येत होता का, तिचा आवाज बसला का, ती बेशुद्ध झाली का, हे विचारा.

बाकीच्या खुणा: ठार मारण्याची धमकी, हत्यार वापरणं किंवा सहज हाताशी असणं, ती नुकतीच वेगळी झालेली असणं किंवा वेगळं व्हायच्या तयारीत असणं, पाठलाग आणि पाळत, टोकाचा संशय, गरोदरपणात मारहाण, मारहाणीचं प्रमाण किंवा तीव्रता अलीकडे वाढलेली असणं, आणि ‘ती नसेल तर मीही जगणार नाही’ असं बोलणं. हे शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंनी गंभीर आहे. त्याला आत्महत्येच्या धोक्यासाठी तातडीची मदत मिळायला हवी आणि त्याच वेळी तिला सावध करायला हवं. बायकोचा जीव घेऊन स्वतःला संपवणाऱ्यांपैकी अनेकांच्या तोंडी आधी हेच वाक्य येऊन गेलेलं असतं.

गटाची बांधणी

८ ते १२ पुरुष, दोन संचालक, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. आठवड्यातून एकदा, दोन तास. किमान २४ ते २६ आठवडे. कॅलिफोर्नियात कायद्याने ५२ आठवडे ठरवले आहेत आणि आमच्या मते ते जास्त नाहीत. पहिले दोन-तीन महिने पुरुष नुसते नियम पाळत असतात, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

दोन संचालकांचं आपसातलं वागणं हाही गटाचा अभ्यासक्रमच असतो. पुरुष संचालक सतत बोलतो आणि स्त्री संचालक हजेरी घेते, असं चित्र असेल तर गट जे शिकायचं ते शिकतो. नियम कोण सांगणार, कोणाच्या बोलण्यावर शेवट होणार, हे मुद्दाम आलटूनपालटून ठेवा.

करारात नेमकं लिहा: हिंसा आणि धमकी बंद, सत्राच्या दिवशी दारू किंवा नशा नाही, दहा मिनिटांहून जास्त उशीर म्हणजे गैरहजेरी, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. गटातल्या दुसऱ्याची माहिती बाहेर सांगायची नाही. जोडीदाराचा उल्लेख नावाने करायचा. ‘बाई’, ‘ती बया’, ‘आमची ही’ चालणार नाही. हा नियम छोटा वाटतो, पण नाव घेताच समोर एक माणूस उभं राहतं आणि बोलण्याचा सूर बदलतो.

वेळेची विभागणी साधारण अशी ठेवा. पहिली तीस मिनिटं प्रत्येकाने गेल्या आठवड्याचा हिशेब द्यायचा: कुठे धाक दाखवला, कुठे थांबलो, घरचं काम केलं का. नवा सभासद आला असेल तर प्रत्येक जण ‘मी इथे का आहे’ हे एका वाक्यात सांगतो, आणि त्या वाक्यात स्वतःची कृती असायला हवी. मग एक तास मुख्य विषय. दहा मिनिटं विश्रांती. शेवटची वीस मिनिटं, आज घरी जाऊन प्रत्येक जण काय वेगळं करणार यावर. कुणी अस्वस्थ किंवा चिडलेला असेल तर त्याला तसाच घरी सोडू नका. थांबवून एकट्याशी बोला आणि गरज वाटल्यास तिच्या कार्यकर्तीला लगेच कळवा.

प्रसंग उलगडणं

कार्यक्रमाचं काळीज हेच आहे, म्हणून यावर सर्वांत जास्त वेळ द्या. सुरुवातीला प्रत्येकाची भाषा सारखीच असते: “वाद वाढला आणि माझा हात उठला.” “डोकं फिरलं.” “तोंडातून गेलं.” या वाक्यांत करणारा कोणीच नाही. त्याला परत वाक्यात आणायचं.

“हात कोणी उचलला?”

“मीच. पण ती इतकं बोलली की...”

“ती काय बोलली ते नंतर घेऊ. ती कुठे उभी होती? तुम्ही कुठे होतात?”

“ती कपाटापाशी. मी दारात.”

“तिला बाहेर जायचं असतं तर?”

“...मी दारात होतो.”

“उघडा हात की मूठ? किती वेळा? मुलगी कुठे होती? तुम्ही थांबलात कधी?”

अर्ध्या तासाने तोच प्रसंग असा बाहेर येतो: “तिला बाहेर जायचं होतं, मी दार अडवलं. तिच्या हातातून मोबाइल हिसकावला. उघड्या हाताने दोनदा गालावर मारलं. मुलगी पलंगावर बसून बघत होती. दारावरची बेल वाजली तेव्हा थांबलो, शर्ट सारखा केला आणि दार उघडलं.”

या शेवटच्या वाक्याशी थांबा. बेल वाजल्यावर त्याला थांबता आलं, शर्ट सारखा करता आला, शेजाऱ्याशी नीट बोलता आलं. म्हणजे ताबा सुटला नव्हता. हे त्याला तुम्ही सांगू नका, प्रश्न विचारून त्याच्याकडूनच येऊ द्या. तसेच आणखी प्रश्न: फोडलात तो मोबाइल तुमचा होता की तिचा? मार दिसेल अशा जागी बसला की झाकला जाईल अशा? वरिष्ठांनी याहून मोठा अपमान केला तेव्हा काय केलंत?

मग पुढची पायरी: “मारलंत त्या क्षणी तिने काय करावं असं तुम्हाला हवं होतं?” उत्तर बहुधा येतं, “गप्प बसावं.” “ती बसली का गप्प?” “हो.” इथे खोलीत शांतता पसरते, ती पसरू द्या. मारण्यामागे हेतू होता आणि तो साध्य झाला, हे त्याच्या ध्यानात येतं. त्यानंतर विचारा, तिने गप्प बसलंच पाहिजे हे कुठून आलं? ‘घरात शेवटचा शब्द माझा’, ‘मी कमावतो, मग मला उलट बोलायचं नाही’, ‘माझी बायको आहे, तिने मला विचारूनच जायला हवं’ अशा समजुती इथे उघड्या पडतात. बदलायच्या त्या याच.

प्रत्येक प्रसंग एका कागदावर सात रकान्यांत लिहून घ्या: मी नेमकं काय केलं, त्यातून मला काय हवं होतं, कोणत्या समजुतीमुळे मला ते बरोबर वाटलं, त्या वेळी मनात काय भावना होत्या, मी ते कसं नाकारलं, लहान केलं किंवा तिच्या माथी मारलं, तिच्यावर, मुलांवर, माझ्यावर काय परिणाम झाला, त्याच क्षणी मी दुसरं काय करू शकलो असतो. सहाव्या रकान्यात पुरुष स्वतःबद्दलच भरभरून लिहितात: नोकरी गेली, बदनामी झाली. तिच्यावरच्या परिणामासाठी वेगळी दहा मिनिटं द्या. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली का? कोणाला काय सांगितलं असेल? त्या रात्री तुम्ही खोलीत आलात तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? हे लिहिताना अनेकांचं पेन थांबतं.

बाजूला होण्याची रीत

हे साधन पहिल्या चार आठवड्यांत शिकवा, कारण तात्काळ हिंसा थांबवायला तेच उपयोगी पडतं. पण ते तात्पुरतं आहे आणि चुकीच्या हातात तेच नवं शस्त्र बनतं.

पायऱ्या अशा. आधी आपल्या शरीरातल्या खुणा ओळखायच्या: जबडा आवळणं, आवाज चढणं, तिच्या जवळ सरकणं, बोट रोखणं, मनात तिला शिवी येणं. खूण जाणवताच एकच वाक्य म्हणायचं: “माझा राग वाढतोय. मी एक तास बाहेर जातोय, साडेआठला परत येतो.” दार आपटायचं नाही, जाता जाता टोमणा मारायचा नाही. गाडी चालवायची नाही, दारू प्यायची नाही, तिच्या माहेरच्यांना किंवा मित्रांना फोन करून गाऱ्हाणं सांगायचं नाही. चालायला जायचं. चालताना ‘ती अशीच आहे’ हे पुन्हा पुन्हा घोळवायचं नाही, आपण काय करत होतो ते आठवायचं. तास झाला की परत यायचं. आल्यावर तिला आता बोलायचं आहे का हे विचारायचं. ती नको म्हणाली तर विषय तिथेच ठेवायचा.

बिघडतं कुठे? तिने पैशांचा किंवा त्याच्या उशिरा येण्याचा विषय काढला, की लगेच बाहेर जाणं. म्हणजे तिला बोलायची बंदी. तासाऐवजी रात्रभर गायब राहून शिक्षा देणं. तिलाच ‘तू बाहेर जा, शांत होऊन ये’ असं फर्मावणं. रडणारं मूल आणि सगळं काम तिच्यावर टाकून रोज संध्याकाळी निघून जाणं. म्हणून ही रीत काय आहे, काय नाही, हे तिला तिच्या कार्यकर्तीकडून कळायला हवं. त्याने घरी जाऊन तिला नियम समजावणं नको.

मारहाणीपलीकडचा ताबा

मारहाण थांबली की बरेच पुरुष, आणि कधीकधी संचालकही, काम झालं असं मानतात. ब्रिटनमधल्या ‘प्रोजेक्ट मिराबल’ या अभ्यासाचा अहवाल २०१५मध्ये आला. कार्यक्रमात सहभागी झालेल्या पुरुषांची शारीरिक आणि लैंगिक हिंसा त्यात खूप कमी झालेली दिसली, पण रोजचा धाक आणि नियंत्रण त्या मानाने हळू कमी झालं. म्हणून एकेका रूपावर दोन-तीन सत्रं द्या: धाक, अपमान, तिला माणसांपासून तोडणं, पैसा, मुलांचा वापर, पुरुष म्हणून गृहीत धरलेले हक्क, धमक्या, आणि लैंगिक जबरदस्ती. ही शेवटची सत्रं संचालक टाळतात किंवा उरकून टाकतात. टाळू नका. तिला नाही म्हणता येत होतं का, नाही म्हटल्यावर पुढचे दोन दिवस घरात काय व्हायचं, हे थेट विचारा.

पैशांच्या सत्रात घरचं काम नेमकं द्या. घरात पैसा कुठून येतो, खात्यांवर कोणाची नावं आहेत, न विचारता किती रक्कम ती खर्च करू शकते, किती तुम्ही, हे लिहून आणायचं. आकडे समोर मांडले की वाद घालायला जागा राहत नाही.

मुलांबद्दलची सत्रं अनेकांच्या बाबतीत निर्णायक ठरतात. ‘मुलं झोपलेली होती’ हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. मुलं आवाज ऐकतात, दुसऱ्या दिवशीच्या जखमा पाहतात, आईच्या चालीवरून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखतात. आपल्या मुलाच्या जागी बसून त्या रात्रीचं वर्णन त्याच्या शब्दांत लिहायला सांगा. मात्र ‘मुलांसाठी बदलतोय’ हे मुलांची भेट मिळवण्याचं साधन बनत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

संचालक कुठे घसरतात

घसरायचे रस्ते दोन. एक म्हणजे हातमिळवणी: त्याच्या विनोदावर हसणं, ‘बायका अशाच’ यावर गप्प राहणं, ‘तुमच्यावर ताण होताच म्हणा’ असं म्हणणं. दुसरा म्हणजे दमदाटी: त्याला गटासमोर नमवणं. त्यातून तो एवढंच शिकतो, की ज्याच्या हातात सत्ता त्याने वाकवायचं. मधला मार्ग कोरड्या आदराचा आहे. “तुमच्या लहानपणी वडिलांनी तुम्हाला मारलं, ते वाईटच होतं. त्याची भीती तुम्हाला माहीत आहे. तीच भीती आता तुमच्या घरात कोणाला वाटते?” बालपणीच्या जखमेची दखल घ्यायची, गरज असेल तर त्यासाठी वेगळा उपचारही द्यायचा, पण तिचा पांघरूण म्हणून वापर होऊ द्यायचा नाही.

गोडबोल्या सभासदाकडे विशेष लक्ष द्या. सहा आठवड्यांत तो गटाची सगळी भाषा शिकतो, इतरांना सुधारतो, संचालकांचा लाडका होतो. असे शब्द घरी जाऊन तिच्यावर वापरले जातात: “तूच माझ्यावर नियंत्रण ठेवतेस.” जोडीदाराच्या कार्यकर्तीशी महिन्यातून किमान एकदा आढावा बैठक ठेवली नाही, तर असा माणूस कधीच उघडा पडत नाही.

माफी

माफीची घाई करू देऊ नका. मारहाणीनंतरची माफी आणि भेटवस्तू हा तिच्या आयुष्यातला जुनाच भाग आहे, माफी मारहाणीसोबतच येत होती. माफीचं पत्र लिहून घ्या, पण ते फाइलमध्येच राहील, पाठवायचं नाही. पत्रात ‘पण’, ‘जर तुला वाईट वाटलं असेल तर’, ‘आता तरी’ आणि परत येण्याची विनंती असेल तर परत लिहायला लावा. तिने माफ करावं, विश्वास ठेवावा, कौतुक करावं ही अपेक्षा म्हणजे जुनाच हक्क नव्या रूपात. ती कायमची वेगळी राहायचं ठरवू शकते. त्या निर्णयानंतर तो कसा वागतो, ही त्याच्या बदलाची सर्वांत कठीण चाचणी आहे.

बदल मोजणं आणि पुढचा काळ

प्रोजेक्ट मिराबलने यशाच्या सहा कसोट्या ठरवल्या, त्या वापरण्यासारख्या आहेत: आदराने बोलणं, तिला स्वतःचे निर्णय घ्यायला जागा मिळणं, तिची आणि मुलांची सुरक्षितता, मुलांचं संगोपन दोघांनी नीट करणं, आपल्या वागण्याचा इतरांवर होणारा परिणाम त्याला कळणं, आणि मुलांचं बालपण सुरक्षित होणं. कार्यकर्तीने तिला विचारायचे प्रश्न साधे असतात. मनाविरुद्ध असेल तर नाही म्हणता येतं का? मैत्रिणीकडे जाताना परवानगी लागते का? त्याची गाडी बाहेर थांबल्याचा आवाज आला की काय होतं?

गटात असताना पुन्हा मारहाण झाली तर आधी तिची सुरक्षितता, मग पोलिस किंवा न्यायालयाला कळवणं, मग त्याच्याबद्दलचा निर्णय. काढून टाकणं हे नेहमीच योग्य असेल असं नाही, कारण त्यामुळे त्याच्यावरची नजर जाते. पण ‘एवढ्या वेळी माफ’ हेही नको. धोका नव्याने तपासा, पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करायला लावा किंवा नाव कमी करा. जे कराल ते करण्याआधी तिला कळवा, म्हणजे त्या संध्याकाळी कुठे राहायचं हे तिला ठरवता येईल.

शेवटी जे पत्र द्याल त्यात ‘किती सत्रांना हजर’ एवढंच लिहा. ‘यशस्वीरीत्या पूर्ण’, ‘आता हिंसक नाही’ असे शब्द नकोत. मुलांच्या ताब्याच्या खटल्यात तोच कागद तिच्याविरुद्ध पुढे केला जातो. सत्रं संपल्यावर वर्षभर महिन्यातून एकदा त्याला बोलवा, आणि तिला ३, ६ आणि १२ महिन्यांनी तिच्या कार्यकर्तीने फोन करावा, तो येत असो वा नसो.